इम्मॉर्टल ग्रॅपलचा डेक: 'व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल'मध्ये मारामारीने टेबल जिंकायचं तर

रिचर्ड गारफिल्ड यांनी बनवलेला हा कार्डांचा खेळ १९९४ मध्ये 'जिहाद' नावाने आला, १९९५ पासून तो 'व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल' म्हणून ओळखला जातो आणि सध्या त्याची कार्डं ब्लॅक चँट्री प्रॉडक्शन्स छापते. नवखा खेळाडू स्वतःच्या हाताने पहिला डेक बांधतो तो बहुतेक वेळा मारामारीचा असतो आणि बहुतेक वेळा हरतो. फटके कमी पडतात म्हणून तो हरत नाही. समोरचे दोन-तीन व्हॅम्पायर लोळवूनही त्या खेळाडूचा पूल (म्हणजे त्याचे खेळात टिकून राहण्याचे गुण) जिथल्या तिथे राहतो, आणि या खेळात माणूस बाद होतो तो पूल शून्यावर आला की. त्यामुळे डेक बांधायला बसताना दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात. तावडीत आलेला व्हॅम्पायर निसटणार नाही याची सोय काय? आणि तो पडल्यावर त्याच्या मालकाचा पूल कशाने घटणार?

ब्लीड, ब्लॉक, स्टेल्थ, इंटरसेप्ट हे मूळ नियम ठाऊक आहेत असं धरून पुढे लिहिलं आहे. उदाहरणाला नॉस्फेराटू कुळ घेतलं आहे, कारण पोटेन्स, ऑब्फस्केट आणि अ‍ॅनिमलिझम या त्यांच्या तिन्ही डिसिप्लिन (व्हॅम्पायरच्या खास शक्ती) या कामाला येतात.

आधी एक झुंज नीट पाहा

डेकमधली प्रमाणं झुंजीवरून ठरतात. म्हणून एक झुंज सावकाश खेळून पाहू. तुमच्या व्हॅम्पायरकडे सुपीरियर (म्हणजे वरच्या पातळीचा) पोटेन्स आणि सुपीरियर ऑब्फस्केट आहे. समोरच्यावर ६ रक्त आहे, आणि त्याच्या मालकाच्या हातात मॅजेस्टी आहे. मॅजेस्टी म्हणजे प्रेझेन्सचा 'झुंज संपली' हा स्ट्राइक. हा स्ट्राइक इतर सगळ्या स्ट्राइकच्या आधी लागू होतो, त्यामुळे नुसत्या ताकदीचा त्याच्यापुढे काहीच उपयोग नाही.

तुम्ही बम्स रश खेळता, म्हणजे थेट झुंज घेण्याची कृती. समोरचा दुसऱ्या मिनियनने (व्हॅम्पायर किंवा अ‍ॅलायने) ब्लॉक करू पाहतो, तेव्हा स्वॉलोड बाय द नाइटची साधी पातळी वापरून +१ स्टेल्थ घेता. झुंज सुरू होते. अंतर ठरण्याआधी टॉर्न साइनपोस्टची सुपीरियर पातळी: ताकद १ वरून ३, आणि ती पूर्ण झुंजभर टिकते. समोरचा मॅनुव्हर करून लांब जाऊ पाहतो. तुम्ही दुसरं स्वॉलोड बाय द नाइट काढता. सुपीरियर पातळीवर तेच कार्ड झुंजीत मॅनुव्हर देतं, आणि दोघं पुन्हा जवळ येतात. आता, स्ट्राइक निवडण्याच्या आधी, इम्मॉर्टल ग्रॅपल. ही कुस्तीतली पक्की पकड समजा: या फेरीत दोघांनाही हाताच्या स्ट्राइकखेरीज काही करता येत नाही. मॅजेस्टी, डॉज, बंदूक, तलवार, सगळं हातातल्या हातात राहतं.

तुमचा स्ट्राइक अनडेड स्ट्रेंग्थ, सुपीरियर: ३ + २ = ५. समोरच्याचा फटका १. त्याने ५ रक्त जाळून जखमा भरल्या, उरलं १. ग्रॅपलच्या सुपीरियर पातळीवर झुंज चालू ठेवण्यापुरता एक प्रेस मिळतो, तो वापरा. फेरी संपताना टेस्ट ऑफ व्हीटे खेळून त्याने गमावलेलं ५ रक्त स्वतःकडे घ्या. दुसऱ्या फेरीत पुन्हा ग्रॅपल, कारण पहिल्या ग्रॅपलचा अंमल त्या फेरीपुरताच होता. इथेच बरेच जण फसतात: एकच ग्रॅपल हातात असताना प्रेस करतात, आणि दुसऱ्या फेरीत समोरचा मॅजेस्टी टाकून ताठ मानेने घरी जातो. दुसऱ्या फेरीत साधा हाताचा फटका ३ चा. त्याच्याकडे रक्त १. दोन जखमा भरायच्या राहिल्या, गडी टॉर्परमध्ये, म्हणजे निपचित पडून खेळाबाहेर.

एक बारकावा लक्षात असू द्या. जेवढं रक्त तेवढाच फटका बसला तर व्हॅम्पायर शून्य रक्तावर येतो, पण उभाच राहतो. टॉर्परमध्ये पाठवायला त्याच्या रक्तापेक्षा किमान १ जास्त फटका लागतो. झुंज घेण्याआधी समोरच्याचं रक्त मोजायचं, त्यात एक मिळवायचा आणि मगच हातातली कार्डं पुरतात का ते पाहायचं.

आता हिशेब करा. एका झुंजीला रश १, स्वॉलोड १ किंवा २, साइनपोस्ट १, ग्रॅपल २, अनडेड स्ट्रेंग्थ १, टेस्ट १. म्हणजे ७ ते ८ कार्डं. लायब्ररीतली (व्हॅम्पायर सोडून बाकी कार्डांची गड्डी) साधारण ५५ कार्डं या कामाला दिली, तर सगळ्या खेळात सातेक पूर्ण झुंजी मिळतात. त्या सात कोणावर खर्चायच्या यावरच हार-जीत ठरते.

क्रिप्ट

नियमाप्रमाणे क्रिप्टमध्ये, म्हणजे व्हॅम्पायरांच्या गड्डीत, किमान १२ कार्डं आणि ती एकाच किंवा लगतच्या दोन गटांतली. एकाच कार्डाच्या कितीही प्रती चालतात. सुरुवातीला चार कार्डं उचलली जातात, तेव्हा १२ मध्ये एखाद्या व्हॅम्पायरच्या ३ प्रती असतील तर तो त्या चारांत येण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के, ४ प्रतींना ८६ टक्के आणि ५ प्रतींना ९३ टक्के. मुख्य व्हॅम्पायरच्या ४ प्रती घ्या. पाचवी घेतलीत तर तोच पुन्हापुन्हा हाती येऊन जागा अडवतो.

मुख्य व्हॅम्पायर ६ किंवा ७ क्षमतेचा, पोटेन्स आणि ऑब्फस्केट दोन्ही सुपीरियर असलेला हवा. उरलेले आठ ४ ते ६ क्षमतेचे, प्रत्येकाकडे निदान साधा पोटेन्स असलेच पाहिजेत. साध्या पातळीवर साइनपोस्ट आणि अनडेड स्ट्रेंग्थ मिळून फटका ५ ऐवजी ३ होतो आणि ग्रॅपलचा प्रेस मिळत नाही. अशा व्हॅम्पायरने आधीच रक्त सांडलेल्यांवर जायचं. छापील मजकुरातच झुंज घेण्याची कृती असलेला व्हॅम्पायर गटात बसत असेल तर जरूर घ्या. 'बीस्ट, द लेदरफेस ऑफ डेट्रॉइट' हा त्यातला सर्वांना परिचित नॉस्फेराटू; तो असला की रश कार्डाची वाट पाहावी लागत नाही.

पूल ३०. ६ क्षमतेचे दोन व्हॅम्पायर उभे केले की १८ उरतो, ५ चा तिसरा आणला की १३. इथे थांबा. चौथा व्हॅम्पायर प्रे (ज्याला तुम्ही बाद करायचं तो शेजारचा खेळाडू) बाद होऊन ६ पूल हाती आल्यावर आणा. ट्रान्सफर (पूल व्हॅम्पायरवर हलवून त्याला उभा करण्याची मुभा) पहिल्या खेळाडूला पहिल्या टर्नला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३, आणि चौथ्यापासून पुढे सगळ्यांना ४ मिळतात. म्हणजे टेबलावर पहिले बसलात तर ६ चा व्हॅम्पायर तिसऱ्या टर्नला उभा राहतो. तोवर पहारेकरी नसतो, हे धरूनच चाला.

लायब्ररी, ८० कार्डं

६० ते ९० कार्डं चालतात. या डेकला ८० बरे पडतात, कारण तो कार्डं भराभर खर्च करतो.

मास्टर १४: ब्लड डॉल ५, हेवन अनकव्हर्ड ४, फेम २, द बॅरन्स २, डायरेक्ट इंटरव्हेन्शन १
इव्हेंट १: ड्रॅगनबाउंड
कृती १४: बम्स रश १०, आर्मी ऑफ रॅट्स २, कॉम्प्युटर हॅकिंग २
रिटेनर ३: रेव्हन स्पाय
कृती किंवा झुंज, दोन्हीत चालणारं ९: स्वॉलोड बाय द नाइट
झुंज ३६: इम्मॉर्टल ग्रॅपल १३, अनडेड स्ट्रेंग्थ ८, टॉर्न साइनपोस्ट ७, टेस्ट ऑफ व्हीटे ७, अ‍ॅमरँथ १
प्रतिक्रिया ३: ऑन द क्वी व्हीव्ह

ग्रॅपल १३ का, हे वरच्या झुंजीतून कळतं: झुंजीला दोन. ८० मध्ये १३ ठेवले की पहिल्या सात कार्डांत एक तरी येण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या थोडी वर जाते. ते आठावर आणलं तर ती चोपन्न टक्क्यांवर घसरते, आणि मग दर दुसऱ्या झुंजीत समोरचा सुटतो. रशची दहा आणि हेवनची चार धरून झुंज सुरू करण्याच्या वाटा १४. पहिल्या हातात त्यातली एक तरी असण्याची शक्यता पंचाहत्तर टक्के. याहून कमी ठेवू नका. झुंजच सुरू झाली नाही तर बाकीची छत्तीस कार्डं हातात कुजत बसतात. हेवन अनकव्हर्ड समोरच्याच्या व्हॅम्पायरवर बसतं आणि तुमच्या व्हॅम्पायरांना त्याच्याशी पुन्हापुन्हा झुंज घेता येते. म्हणून ते त्याच्या सगळ्यात मोठ्या व्हॅम्पायरवर ठेवा.

स्वॉलोड बाय द नाइट हे या डेकमधलं सगळ्यात गुणी कार्ड आहे. ब्लॉक होऊ लागला तर स्टेल्थ, समोरचा लांब पळाला तर मॅनुव्हर. ते हातात कधी अडकून पडत नाही. त्याच्या जागी एड फ्रॉम बॅट्स घालायचा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण त्यातही मॅनुव्हर आहे आणि नॉस्फेराटूंकडे अ‍ॅनिमलिझम आहे. तो मोह टाळा. स्ट्राइक कार्डावरचा मॅनुव्हर वापरला की त्या फेरीत तोच स्ट्राइक करावा लागतो. एड फ्रॉम बॅट्सचा स्ट्राइक हाताचा नाही, म्हणजे ग्रॅपल गेलं. थ्रोन स्यूअर लिडचीही हीच अडचण आहे. या डेकला निखळ मॅनुव्हर लागतो. ऑब्फस्केट नसलेलं कुळ घेतलंत तर डिसिप्लिन न लागणारं फेक आउट वापरा.

रेव्हन स्पाय कशाला, असं वाटेल. +१ इंटरसेप्ट असलेला तुमचा व्हॅम्पायर प्रेडेटरची (तुम्ही ज्याचे प्रे आहात त्याची) ब्लीड अडवतो, आणि ब्लॉक म्हणजे झुंज. तुमची झुंजीची कार्डं दुसऱ्याच्या टर्नलाही फिरू लागतात, रशचं कार्डही वाचतं. ऑन द क्वी व्हीव्ह त्यासाठीच आहे: लॉक झालेला व्हॅम्पायर त्या कृतीपुरता जागा होऊन ब्लॉक करू शकतो. मात्र ब्लॉक करताना कृती करणारा तो असतो, म्हणून प्रत्येक टप्प्यात पहिली संधी त्याची.

टॉर्परमधून पूलपर्यंत

समजा प्रेकडे १६ पूल आहे. तुमच्या मास्टर टप्प्यात त्याच्या मुख्य व्हॅम्पायरवर फेम ठेवा, आणि त्याच टर्नला त्याच्यावर रश करा. मास्टर टप्पा मिनियन टप्प्याच्या आधी येतो, त्यामुळे फेम काढून टाकायला त्याला वेळच मिळत नाही. व्हॅम्पायर टॉर्परमध्ये गेला की मालकाचे ३ पूल जातात. तुमचे उरलेले दोन व्हॅम्पायर १-१ ची ब्लीड करतात: आणखी २. त्याच्या अनलॉक टप्प्यात टॉर्परमधल्या फेमवाल्यासाठी १, ड्रॅगनबाउंडचा १, आर्मी ऑफ रॅट्स खेळात असेल तर १. एका फेरीत ८. दुसऱ्या टर्नलाही फेमचे ३ गेले तर दोन टर्नमध्ये १६ पूल संपतो असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात तो मध्ये काही पूल मिळवतोच, म्हणून तीन टर्न धरा.

टॉर्परमधून स्वतः बाहेर यायला २ रक्त लागतं, आणि झुंजीत पडलेल्याकडे रक्त सहसा शून्य असतं. त्याला दुसऱ्या व्हॅम्पायरने सोडवावं लागतं. म्हणून पहिल्याला पाडल्यावर लगेच त्याच्यामागे लागू नका. सोडवू शकेल असा दुसरा उभा व्हॅम्पायर पुढच्या टर्नला पाडा. सोडवून आणलेला फेमवाला पुन्हा पाडलात तर पुन्हा ३ जातात.

ड्रॅगनबाउंड सगळ्यांना लागू होतो, तुम्हालाही. तुमचाच एखादा टॉर्परमध्ये असेल तर तो आधी सोडवा आणि नंतर टाकून देण्याच्या टप्प्यात इव्हेंट खेळा. अ‍ॅमरँथ एकच घेतलं आहे, कारण डायब्लरीनंतर (म्हणजे पडलेल्या व्हॅम्पायरला पिऊन संपवल्यावर) ब्लड हंटचं मतदान होतं आणि ते मंजूर झालं तर तुमचा व्हॅम्पायर जळतो. मतं कोणाकडे आहेत ते पाहूनच खेळा. तुमच्याहून जास्त क्षमतेच्या व्हॅम्पायरची डायब्लरी केली तर एक डिसिप्लिन कार्ड मिळवता येतं, पण त्यासाठी लायब्ररीत जागा अडवण्यात या डेकला अर्थ नाही.

टेस्ट ऑफ व्हीटेने भरलेलं रक्त ब्लड डॉलवरून दर टर्नला १ करून पूलमध्ये आणा. दोन व्हॅम्पायरांवर दोन डॉल असतील तर दोन पूल. तुमचा पूल टिकवणारी हीच एक खात्रीची वाट या डेकमध्ये आहे. म्हणून पहिल्या दोन-तीन टर्नला फेमपेक्षा डॉल आधी टाका. फेम समोर कोणी उभं असल्याशिवाय फुकट जातं.

कोणावर जायचं

मारामारीचा डेक टेबलावर दिसला की सगळे सावध होतात, आणि तुमच्या हातात झुंजीची ताकद आहे म्हणून प्रत्येक जण ती दुसऱ्यावर वळवायला बघतो. तुमचा प्रे किंवा प्रेडेटर नसलेल्या खेळाडूचा व्हॅम्पायर पाडलात तर त्याच्या प्रेडेटरचं काम सोपं होतं, आणि त्याला मिळालेला विजयगुण व ६ पूल तुम्हाला पुढे जड जातात. सातपैकी पाच झुंजी प्रेवर आणि फार तर दोन प्रेडेटरवर, असा हिशेब धरा. प्रेडेटरवर जायचं ते त्याचा ब्लीड करणारा एकच मुख्य व्हॅम्पायर असेल तर. तीन-चार लहान व्हॅम्पायर वापरणाऱ्या प्रेडेटरवर रश खर्चून काही साधत नाही. तिथे रेव्हन स्पाय आणि ब्लॉक.

प्रेच्या प्रेला मात्र जपा. तो जगला तरच प्रेचं लक्ष दोन दिशांना राहतं. सौदे करायला या खेळात मुभा आहे: 'तुझ्या व्हॅम्पायरला तीन टर्न हात लावणार नाही, तू माझ्या प्रेच्या ब्लीड अडवत राहा' असा सरळ प्रस्ताव मांडला तर अनेक जण मान्य करतात. स्पर्धेत वेळ दोन तासांची असते, आणि वेळ संपल्यावर उरलेल्या प्रत्येकाला अर्धाच विजयगुण मिळतो. म्हणून पहिल्या तासात पहिली प्रे बाद झाली नाही तर रक्त साठवत बसू नका.

बिघडतं कुठे

हात झुंजीच्या कार्डांनी भरतो आणि रश येत नाही. टाकून देण्याच्या टप्प्यात दर टर्नला एक कार्ड टाका, बॅरन्स लॉक करून आणखी एक. टाकताना दुसरा साइनपोस्ट, तिसरी अनडेड स्ट्रेंग्थ आधी. दुसरा ग्रॅपल कधीच नाही.

डॉमिनेटवाले जास्त क्षमतेचे व्हॅम्पायर ओबीडियन्सने झुंजच होऊ देत नाहीत, कारण तुमचा व्हॅम्पायर त्यांच्याहून लहान असतो. ग्रॅपलपर्यंत पोचायलाच मिळत नाही. अशा टेबलावर त्या मोठ्याला सोडून त्याच्या लहान साथीदारांना पाडा, म्हणजे ब्लॉक करणारे संपतात आणि ब्लीड मोकळी होते.

फॉर्टिट्यूडवाले फटका अडवतात. ५ चा फटका ३ किंवा २ होतो. तिथे एका फेरीत संपवण्याचा हट्ट सोडून दुसऱ्या फेरीची तयारी ठेवा: दोन ग्रॅपल, दोन अनडेड स्ट्रेंग्थ हातात आल्याशिवाय जाऊच नका.

अ‍ॅलाय (व्हॅम्पायर नसलेले साथीदार) टॉर्परमध्ये जात नाहीत, जीव संपला की थेट जळतात. फेम त्यांच्यावर चालत नाही, टेस्ट ऑफ व्हीटेने त्यांच्याकडून रक्त मिळत नाही. अ‍ॅलायवर जायचं ते साध्या तीनच्या फटक्याने, अनडेड स्ट्रेंग्थ राखून.

कोणी डायरेक्ट इंटरव्हेन्शनने तुमचा ग्रॅपल रद्द केला तर दुसरा ग्रॅपल हाताशी असणं हाच उपाय. समोरच्याचा १ पूल आणि एक मास्टर खर्च झाला, एवढं समाधान.

बंदुकांचा किंवा नखांचा डेक बांधायचा असेल तर पूर्ण वेगळा बांधा. .४४ मॅग्नम २ पूलला मिळतं, लांबून २ चा फटका देतं आणि दर झुंजीत एक मॅनुव्हर देतं. सेलेरिटीचे जादा स्ट्राइक जोडले की ते भयंकर होतं. पण बंदूक हाताचा स्ट्राइक नाही, ग्रॅपलने ती बंद होते, आणि मॅजेस्टीला तिच्याकडे उत्तर नाही. प्रोटीयनच्या नखांचा फटका अ‍ॅग्रव्हेटेड असतो, रक्त जाळून तो भरता येत नाही, त्यामुळे १ चा फटकाही टॉर्परला पुरतो. ही दोन्ही अस्त्रं पोटेन्सच्या डेकमध्ये तीन-चार प्रतींत घुसडली तर तीही अर्धवट चालतात आणि ग्रॅपलही.

खेळण्याआधी कार्डं स्लीव्हमध्ये घाला. आकार ६३ × ८८ मिलिमीटर, म्हणजे नेहमीची स्लीव्ह चालते. क्रिप्ट आणि लायब्ररीची पाठ वेगळी असते, म्हणून स्लीव्हही दोन रंगांच्या घ्या. कार्डं विकत घेण्याआधी कागदावर छापून जुन्या कार्डावर ठेवून मित्रांसोबत चार-पाच डाव खेळा. प्रत्येक डावानंतर तीन आकडे लिहून ठेवा: झुंजी किती सुरू झाल्या, त्यातल्या किती ग्रॅपलविना सुटल्या, आणि प्रेचा पूल फेम व ड्रॅगनबाउंडने किती घटला. सुटलेल्या झुंजी तीनहून जास्त असतील तर कॉम्प्युटर हॅकिंगची दोन काढून ग्रॅपल १५ करा. झुंजीच कमी झाल्या असतील तर साइनपोस्ट ६ आणि अनडेड स्ट्रेंग्थ ७ करून बम्स रश १२ वर न्या.